अण्णांचा प्रश्न आणि दक्षिण टोकाची हवा

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, जालन्यातल्या एका रोलिंग मिलमध्ये भट्टीवर कामाला होते. भट्टीतून निघालेले लोखंडाचे लालभडक ठोकळे सळ्या ओढणाऱ्या यंत्राकडे ढकलायचे, आणि भट्टी किती तापलीय यावर नजर ठेवायची, हे त्यांचं काम. त्यांच्या भुवया कायम करपलेल्या असायच्या. आमचं मूळ गाव परतूर तालुक्यातलं आष्टी. मी मात्र वाढले जुन्या जालन्यात, धान्याच्या आडतीमागच्या गल्लीत, दोन खोल्यांच्या घरात. माय जिल्हा परिषदेच्या शाळेत मुलांची खिचडी शिजवायची.

अण्णांना एक सवय होती. कामावर निघायच्या आधी ते दारात उभं राहून हवेचा वास घ्यायचे. मग आत तोंड करून मायला सांगायचे, "आज वारा मिलकडून हाय. धुणं जल्दी काढून घे." माय म्हणायची, "रोज काय हुंगता कुत्र्यावानी?" पण धुणं काढून घ्यायची. ज्या दिवशी ऐकलं नाही त्या दिवशी पांढऱ्या कपड्यांवर बारीक काळे ठिपके दिसायचे. मी लहान होते, तरी एवढं मला कळलं होतं की हवेत काहीतरी असतं, ते दिसत नाही, आणि ते कुठून आलं हे वाऱ्याला विचारावं लागतं.

आज माझं पोट याच गोष्टीवर चालतं. मी हवेतले वायू मोजते. सगळे नाही, ज्यांच्यापासून कण तयार होतात तेवढेच. आपल्याला वाटतं हवेतले कण म्हणजे धूळ नाहीतर धूर. पण काही कण हवेतच जन्माला येतात. गंधकाच्या किंवा आयोडीनच्या वायूंवर सूर्याचा प्रकाश पडतो, त्यांचं आम्ल बनतं, त्या आम्लाचे रेणू एकमेकांना चिकटतात, आणि जिथं काहीच नव्हतं तिथं एक कण तयार होतो. तो वाढत गेला तर त्याच्यावर पाणी बसतं आणि ढग धरतो. हे जालन्यातही होत असणार, पण इथं इतका धूर आहे की त्या गर्दीत नवा जन्मलेला कण शोधायचा कसा? म्हणून त्यासाठी जगातली सगळ्यात स्वच्छ हवा लागते. ती ध्रुवांवर आहे.

रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी पुण्यात संशोधनाला लागले. माझ्या मार्गदर्शक बाईंना आम्ही सगळे मॅडम म्हणायचो. एक दिवस त्यांनी मला बोलावलं आणि विचारलं, "अंटार्क्टिकाला वर्षभर राहशील? उन्हाळा, हिवाळा, परत उन्हाळा. तिथल्या हवेत हे वायू कोणत्या ऋतूत किती असतात ते सलग मोजायचंय. उन्हाळ्यात जाणारे पुष्कळ आहेत, हिवाळ्यात थांबणारं कुणी मिळत नाही." मी तिथल्या तिथे हो म्हणाले, आणि मग रात्रीच्या गाडीनं जालन्याला गेले, कारण घरी हे फोनवर सांगायची हिंमत नव्हती.

माय आधी रडली, मग तिनं विचारलं की तिथं ज्वारी मिळते का.  तिसऱ्या दिवशी चहा पिता पिता अण्णा म्हणाले, "मोजायचं यंत्र तुझ्या एकटीच्या हाती राहणार हाय का?"

मी म्हटलं, "हो. वर्षभर मीच."

"मंग जा," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या हाताखाली जायचं असतं तर न्हाई म्हणलो असतो."

माझी निवड झाल्याचं त्यांनी गल्लीभर सांगितलं, पण सगळ्यांना उत्तर ध्रुव सांगितला. मी दुरुस्त केलं तर चिडले. "लोकायला काय फरक पडतो? बर्फ तो बर्फच." पण दुसऱ्या दिवशी त्यांनी शाळेच्या नकाशावर बोट ठेवून माझ्याकडून ती जागा नीट बघून घेतली, आणि त्यानंतर कुणी उत्तर ध्रुव म्हटलं की त्याला तेच दुरुस्त करायचे.

जहाज, समुद्र, उलट्या, पहिल्यांदा पाहिलेला बर्फ, हे सगळं मी इथं सांगत नाही. तसं वर्णन करणारे पुष्कळ आहेत. माझी गोष्ट एका लहानशा झोपडीची आहे. आमचं मुख्य केंद्र एका खडकाळ उंचवट्यावर होतं, आणि तिथून बरंच दूर, वारा जिकडून येतो त्या बाजूला, डब्यासारखी एक झोपडी होती. तिच्या छपरातून एक नळी बाहेर निघायची आणि हवा आत ओढायची. आत माझं यंत्र. हवेतल्या आम्लाचे रेणू वजनानुसार वेगळे करून मोजणारं. त्या बाजूला गाडी न्यायची नाही, इंजिन चालवायचं नाही, असा नियम होता. हद्द कळावी म्हणून लाल झेंड्या रोवलेल्या होत्या.

मी पोचले तेव्हा उन्हाळा संपत आला होता. सूर्य मावळायला लागला, दिवस लहान झाले, आणि मे महिन्याच्या शेवटी एक दिवस तो उगवलाच नाही. दोन महिने सगळा अंधार, दुपारी क्षितिजाला थोडासा जांभळा उजेड. माझे आकडेही त्याच्यासोबत खाली गेले. आधी गंधकाचं ते आम्ल गेलं, जे समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पतींच्या वायूपासून बनतं. समुद्र गोठला, वनस्पती बर्फाखाली गेल्या, वायू येणं थांबलं. मग आयोडीनचं आम्ल गेलं. शेवटी साधं गंधकाम्लही इतकं कमी झालं की यंत्राला ते दिसेना. रोज मी अंधारात वाट चुकू नये म्हणून बांधलेली दोरी धरून झोपडीपर्यंत जायची, यंत्र तपासायची, आणि वहीत लिहायची. सगळीकडे जवळजवळ शून्य.

दर रविवारी मला घरी फोन करायला मिळायचा. जूनमधल्या एका फोनवर मी अण्णांना म्हणाले, "अण्णा, इथं काहीच नाही. महिनाभर मी शून्य लिहून राहिले. एवढ्या लांब शून्य मोजायला आले का मी?"

 सॅटेलाइटच्या फोनवर आवाज उशिरा पोचतो, म्हणून मी वाट पाहिली.

"शून्य हाय हे बराबर मोजलं का?" त्यांनी विचारलं.

"म्हणजे?"

"आमची भट्टी वर्षातून एकदा बंद व्हायची, दुरुस्तीला. तवाबी मी दर तासाला मीटर लिहायचो. पोरं हसायची. पण बंद भट्टीला मीटर किती दाखवतं तेच माहीत नसल, तर चालू भट्टीचं खरं कसं मानायचं? लिही तू. बिलकुल सोडू नको."

नंतर मला आठवलं की मी निघताना मॅडमनीही हेच सांगितलं होतं, वेगळ्या शब्दांत. हिवाळ्यातलं शून्य हाच सगळ्या वर्षाचा पाया असतो. पण मॅडमचं बोलणं मी वहीत लिहून घेतलं होतं, आणि अण्णांचं मनात बसलं. त्यानंतर मी शून्य लिहायचा कंटाळा केला नाही. नळीला रोज गाळणी लावून, हवा पूर्ण साफ करून, यंत्र स्वतःहून किती दाखवतं तेही बघायला लागले.

जुलैत एक यंत्र बंद पडलं. माझं नाही, त्याच्या शेजारचं, हवेतली काजळी मोजणारं. त्याचा पंप गेला होता आणि नवा पंप जहाजाबरोबरच येणार होता. काजळी दिसली की समजायचं, हा इंजिनाचा धूर आहे, हे आकडे बाजूला ठेवा. ते यंत्र नसल्यानं आता मला फक्त वाऱ्याच्या दिशेवर विसंबून राहायचं होतं. वारा केंद्राकडून आला तर आकडे टाकून द्यायचे, समुद्राकडून आला तर ठेवायचे. मला ते पुरेसं वाटलं.

जुलै संपता संपता सूर्य परत आला. पहिल्या दिवशी नुसती कड दिसली. आम्ही सगळे बाहेर उभे राहिलो, आमच्यातला डॉक्टर लहान मुलासारखा ओरडला. त्यानंतर दिवस भराभर मोठे होत गेले. आपल्याकडे जानेवारीपासून जूनपर्यंत जेवढा फरक पडतो, त्याहून कितीतरी जास्त तिथं दोन-तीन आठवड्यांत पडतो.

आणि सप्टेंबरात माझ्या यंत्रावर एक दिवस गंधकाम्ल दिसलं. नुसतं दिसलं नाही, उभी रेघ वर गेली. सोबत, कण मोजणाऱ्या यंत्रावर, अगदी बारीक, नुकते जन्मलेले कण. वारा समुद्राकडून, म्हणजे स्वच्छ बाजूनं. दुपार व्हायच्या बेताला वर, तासाभरानं खाली. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. समुद्र तर अजून गोठलेला होता. मग हे येतं कुठून? इतक्या लवकर, इतकं जास्त गंधकाम्ल तिथं वसंतात मिळतं असं मी कुठं वाचलं नव्हतं. मला वाटलं, हे मला सापडलं. मलाच पहिल्यांदा. अकरा दिवसांचे आकडे जमले तेव्हा मी मॅडमना लांबलचक पत्र लिहिलं, आलेख जोडले, त्यांना रंग दिले. फक्त पाठवायचं राहिलं होतं. तो रविवार होता. म्हटलं, आधी घरी सांगू.

माझ्या आवाजावरूनच अण्णांना कळलं. "काय झालं बाई? खुशीत हाइस."

मी सगळं सांगितलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "रोज किती वाजता येतं?"

"अकराच्या सुमाराला."

"सुमाराला का अकराला?"

मी समोरचा आलेख बघितला. "अकरालाच. पाच मिनिटं इकडंतिकडं."

"अकरा दिवस?"

"हो."

"आन् सूर्य रोज किती वाजता निघून राह्यला?"

"तो रोज लवकर निघतो. रोज काही मिनिटं आधी."

 

"मंग ते सूर्याचं कसं?" अण्णा म्हणाले. "सूर्य घड्याळ पाहत न्हाई. घड्याळ माणूस पाहतो. तिथं अकराला कोण काय करतं ते बघ."

मला राग आला. खरं सांगते, राग आला. पाच वर्षं मी हा विषय शिकले होते, आणि हे भट्टीवरचे गृहस्थ मला सांगत होते. मी म्हणाले, "अण्णा, वारा स्वच्छ बाजूचा होता. मी तपासलंय."

"तपासलं आसल. आमच्याकडंबी इंजिनिअर साहेबानं तपासलं होतं," ते म्हणाले, आणि त्यांनी एक हकिकत सांगितली, जी मी तोवर कधी ऐकली नव्हती. एका उन्हाळ्यात रोज चारच्या सुमाराला भट्टीच्या मीटरचा काटा थोडा खाली यायचा. बाहेरगावचे इंजिनिअर आले. तार बदलली, मीटर बदललं, एकदा भट्टीही थंड करून उघडली. काटा तरी चारला खाली. शेवटी अण्णा म्हणाले, चारला तर चहा येतो. चहाची गाडी आत घ्यायला शेडचं मोठं शटर वर करायचे, आणि बाहेरचा वारा थेट मीटरच्या तारेच्या जोडावर यायचा.

"गार वारा लागून काटा खाली यायचा?" मी विचारलं.

"गार न्हाई. उन्हाळ्यातला चारचा वारा गार कसा आसल? गरम. मीटर भट्टीचा आन् त्या जोडाचा फरक दाखवतं, जोड तापला की फरक कमी. गार लागला असता तर काटा वर गेला असता. तू शिकलेली, तुला म्याच सांगू का?" आणि त्यांनी फोन ठेवून दिला. फोन ते नेहमी असाच ठेवायचे, 'ठेवतो' न म्हणता.

मी पत्र पाठवलं नाही. जेवायलाही गेले नाही. मी एक साधा आलेख काढला. आडव्या रेघेवर दिवस, उभ्या रेघेवर वेळ. त्यात सूर्योदयाची वेळ मांडली, आणि रेघ सुरू होण्याची वेळ मांडली. सूर्योदय दिवसागणिक खाली उतरत होता, जसा उतरायला पाहिजे. माझं गंधकाम्ल अकराच्या रेघेवर फुटपट्टीनं आखल्यासारखं सरळ चाललं होतं. मी इतके दिवस प्रत्येक दिवस वेगळा बघत होते, म्हणून हे दिसलं नव्हतं. शेजारी शेजारी ठेवून बघ, हे कुणीतरी सांगावं लागलं.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला मी सगळ्यांना विचारलं, रोज अकराला कोण काय करतं? आमच्या गाड्या सांभाळणारा मेकॅनिक, केरळचा, शांत माणूस, हात वर करून म्हणाला, मी चहा घेऊन बर्फावरची मोठी गाडी गरम करतो. हिवाळाभर ती आत होती. सप्टेंबरात तिला बाहेर काढलं होतं, आणि केंद्राजवळ बर्फ साचल्यानं तो ती खडकाच्या पलीकडे, लाल झेंड्यांच्या अगदी बाहेर उभी करत होता. नियम त्यानं मोडला नव्हता. झेंड्या लावणाऱ्यांनी त्या बाजूला कधी गाडी उभी राहील असा विचारच केला नव्हता. वारा समुद्राकडून यायचा, गाडीवरून माझ्या नळीवर. स्वच्छ बाजूनं येणारा डिझेलचा धूर मी अकरा दिवस मोजला होता आणि त्याला शोध म्हणत होते.

तो बिचारा ओशाळला. मी म्हणाले, तुमची काही चूक नाही. त्याच दिवशी आम्ही दोघांनी मिळून झेंड्या लांब नेल्या.

ते अकरा दिवस मी 'वापरू नयेत' असं लिहून बाजूला काढले.  आयुष्यातली सगळ्यात देखणी रेघ मी माझ्या हातानं खोडली. मग मॅडमना खरं काय झालं ते लिहिलं, तयार पत्रासकट. म्हटलं, त्यांनाही कळू दे मी काय पाठवणार होते. त्यांचं उत्तर दोन ओळींचं आलं. "पत्र पाठवायच्या आधी तपासलंस म्हणून आता तुझ्या बाकीच्या आकड्यांवर मी विश्वास ठेवीन. वडिलांना माझा नमस्कार सांग."

त्यानंतर आठवडाभर यंत्रावर काहीच दिसलं नाही. अकरा वाजायचे, रेघ जमिनीला टेकलेली. मला वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं.

मग खरं आलं. आधी आयोडीनचं. जखमेला लावायच्या औषधातलं आणि मिठातलं ते आयोडीन. समुद्रावरच्या बर्फात, त्याच्या खालच्या अंगाला राहणाऱ्या शेवाळात ते असतं, आणि वसंतात उजेड पडला की हवेत येतं. रेघ बुटकी होती, कुणाच्या नजरेत भरली नसती. पण आज जितक्या वाजता सुरू झाली, उद्या त्याहून थोडी आधी, परवा त्याहून आधी. ती सूर्याच्या मागोमाग चालत होती. मी तो आलेख छापून झोपडीच्या भिंतीवर लावला.

नोव्हेंबरात समुद्राचा बर्फ फुटायला लागला. मोकळ्या पाण्यात सूक्ष्म वनस्पती वाढल्या, त्यांचा गंधकाचा वायू हवेत आला, आणि माझी दोन्ही गंधकाची आम्लं वर चढायला लागली. आयोडीन मागे पडलं. जणू एकानं पाळी संपवून दुसऱ्याच्या हाती काम दिलं. डिसेंबरात एका दिवशी वारा पेंग्विनांच्या वस्तीकडून आला. त्यांच्या विष्ठेतून अमोनिया निघतो, आणि अमोनिया मिळाला की आम्लाचे रेणू पटकन चिकटून राहतात. त्या दिवशी दुपारी माझ्यासमोर कण जन्माला आले. एक-दोन नाही, झुंडीनं. आधी सगळ्यात बारीक, मग ते वाढत वाढत मोठे. त्या वेळी सूर्य मावळतच नव्हता, म्हणून संध्याकाळ अशी झाली नाही, पण जेवायची वेळ कधी होऊन गेली मला कळलं नाही. यावेळी मी आधी गाड्यांची वही पाहिली. एकही इंजिन चालू नव्हतं. मग घड्याळ पाहिलं. मग सूर्य. सगळं तपासून झाल्यावर एकटीच झोपडीत उभी राहून टाळ्या वाजवल्या.

रविवारी अण्णांना सांगितलं. पेंग्विनच्या अमोनियाबद्दल ऐकून ते इतके हसले की मायनं फोन ओढून घेतला, काय झालं बघायला.

"म्हणजे शेणच की!" मागून त्यांचा आवाज येत होता. "इतक्या दूर जाऊन पोरगी शेणाचा वास मोजून राह्यली!"

मग त्यांनी परत फोन घेतला आणि एकदम हळू आवाजात विचारलं, "इंजिन बंद होतं ना?"

"बंद होतं, अण्णा. वही बघितली."

"मंग तुझं हाय ते," ते म्हणाले. यावेळी फोन त्यांनी लगेच ठेवला नाही.

परत आल्यावर सगळं लिहून काढायला दोन वर्षं गेली. हिवाळ्याचं शून्य, वसंतातलं आयोडीन, उन्हाळ्यातलं गंधक. लेखाच्या शेवटी ज्यांची मदत झाली त्यांचे आभार असतात. मी मेकॅनिकचं नाव लिहिलं, डॉक्टरचं लिहिलं, आणि अण्णांचं लिहिलं. मॅडमनी मसुदा वाचून विचारलं, "यांची संस्था काय टाकायची? सगळ्यांपुढे संस्था आहे."

मी म्हणाले, "रोलिंग मिल, जालना. भट्टी विभाग, निवृत्त."

मला वाटलं त्या हसतील. त्यांनी चष्मा काढला, परत घातला, आणि जसं सांगितलं तसं टाकलं. परदेशातल्या ज्या माणसांनी तो लेख तपासला, त्यांनी पुष्कळ शंका काढल्या, पण त्या ओळीवर कुणी काही म्हणालं नाही. तशीच ती छापून आली.

छापील पानं घेऊन मी जालन्याला गेले. अण्णांना इंग्रजी येत नाही, पण आपलं नाव कुठल्याही अक्षरांत ओळखता येतं. त्यावर बोट ठेवून ते बराच वेळ बसले. "ही ओळ काय म्हणती?" त्यांनी विचारलं. मी मराठीत सांगितलं: आकड्यांतली चूक ओळखायला ज्यांच्या प्रश्नाची मदत झाली ते. त्यांनी मान हलवली. मायला हाक मारली, तिला दाखवलं, आणि मग लगेच आतल्या खोलीत गेले. मायनं मला खुणेनं सांगितलं, जाऊ नको आत. आम्ही दोघी बाहेर भाजी निवडत बसलो. मायचे डोळे भरले होते, पण ती हसत होती.

गेल्या वर्षी आष्टीच्या शाळेनं मला बोलावलं. आम्ही तिघंही गेलो. मी पडद्यावर चित्रं दाखवली, झोपडी दाखवली, पेंग्विन दाखवले, अकरा वाजताची चूकही दाखवली. चूक मी नेहमी दाखवते. एका मुलीनं उभं राहून पहिल्या रांगेतल्या अण्णांनाच विचारलं, "आजोबा, तुम्ही बी गेल्ता का तिकडं?"

अण्णा उठले. शर्ट नीट केला. "म्या न्हाई गेल्तो," ते म्हणाले. "माही पोरगी गेल्ती. म्या इथून इचारलं फक्त." आणि बसले. शाळेनं टाळ्या वाजवल्या त्या माझ्या भाषणाला मिळालेल्या टाळ्यांपेक्षा जास्त वेळ चालल्या. मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही.

त्या दिवशी आष्टीचा बाजार होता. परतीच्या आधी माय मिरच्या घ्यायला गेली, मी तिच्यासोबत. परत आले तर चहाच्या टपरीसमोर अण्णा बाकावर बसलेले, भोवती त्यांच्या वयाचे तीन-चार जण. एकानं विचारलं होतं, तुमची पोरगी नेमकं करती काय. मी थोडी मागेच थांबले.

"हिवाळ्यात तिथं काहीच नसतं," अण्णा सांगत होते. "अंधार. समुद्र गोठलेला. तवा शून्य लिहायचं. ते लई महत्त्वाचं. मंग सूर्य आला की आधी आयोडीन. थोडंच, पण सूर्याबराबर चालतं. मंग बर्फ फुटतो, पाण्यात बारीक झाडं होतात, त्यायचं गंधक वर येतं. उन्हाळ्यात ते जास्ती. आन् वारा पाखरांच्या वस्तीकडून आला की कण बनतात. त्या कणांवर ढग धरतो."

"आन् मंग पाऊस?" एकानं विचारलं.

"पाऊस न्हाई, बर्फ पडतो तिथं," अण्णा म्हणाले. "आन् ढग धरला म्हणजे पडलाच असं न्हाई. तेवढं अजून मोजायचं हाय. ती परत जाणार हाय पुढच्या साली."

मी ऐकत उभी होते. माय म्हणाली, चल ना, बस येईल. मी तिला हातानं थांबवलं. अण्णा पुढं सांगत राहिले, कोणत्या महिन्यात काय, कशानंतर काय, आणि एकाही ठिकाणी चुकले नाहीत.